बुधवारचा सिनेमा

ग्रिम्सबीला माझं हॉटेल बंदराला लागून.
खिडकी उघडली की हॅडॉकचा वास येतो,
बंद केली तरी येतो, कारण तो माझ्या केसांतच असतो.
दिवसभर मी उणे पंचवीसमध्ये उभी,
माशांच्या गोदामातले कॉम्प्रेसर ऐकत.
हो, ऐकत. डॉक्टर छाती ऐकतो तसं.
गेज नंतर बघायचा.

बुधवारी रात्री आठला आमचा सिनेमा.
तिकडे स्लाउला सोफ्यावर हेरंब, निषाद आणि आप्पा,
इथे पलंगावर मी, मांडीवर लॅपटॉप,
किटलीच्या झाकणावर ऊब घेत पडलेली पोळी,
रविवारी लाटलेली, आता पापडाच्या वाटेवर.
निषाद फोनमधून मोजतो: तीन, दोन, एक, दाब!
मी दाबते.
तरी हॉटेलचं वायफाय मला
तीन सेकंद उशिरा पोचवतं.

त्यामुळे आधी तुम्ही हसता,
मग विनोद होतो.
दाराआड कोण लपलंय
ते मला आप्पांच्या "अरे देवा"वरून कळतं.
आई, जरा पुढे ढकल ना, निषाद म्हणतो.
हो, ढकलते.
ढकलत नाही.

आप्पांना ऐकू कमी येतं.
दर पाच मिनिटांनी, हा कोण?
तिचा भाऊ, हेरंब सांगतो.
पण तो मेला ना?
मेला तो गेल्या बुधवारचा, आप्पा. हा दुसरा.
मग त्यांना बरं वाटतं,
एक शेंगदाणा तोंडात टाकतात.

नायिका कोर्टात खरं बोलायला उभी राहिली,
इथपर्यंत आठवतं.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेलेले.
अजून बघताय का, लॅपटॉप विचारत होता.
फोन उशीला टेकून तसाच, चार्जरला लावलेला.
मला कोणी बंद केलं नव्हतं.

तिकडच्या टॅब्लेटमधून आमची खोली दिसत होती:
राउटरचा हिरवा ठिपका,
सोफ्याच्या हातावर निषादचा एकच मोजा,
वाटीत शेंगदाण्यांची सालं.
कोणी येत नव्हतं, काही घडत नव्हतं,
आणि मी बघत होते, तिकीट काढून आल्यासारखी.

मग ऐकू आलं.
स्वयंपाकघरातून.
घर्र. टक्. टक्. गप्प.
पुन्हा घर्र.
शनिवार-रविवार मी त्याच घरात असते,
पण मिक्सर, आप्पांच्या बातम्या, बोलणं,
यातून कधी आलं नव्हतं कानावर.
रिले गेलाच म्हणायचा. फार तर महिनाभर काढेल.
जगाचे मासे गोठवून देते मी,
आणि माझं दूध असं, देवाच्या भरवशावर.

तेवढ्यात फरशीवर उजेडाची पट्टी पडली.
आप्पा. पाणी प्यायला उठलेले.
परतताना टॅब्लेटपाशी थबकले,
चष्मा नव्हता, खूप जवळ आले,
पडदाभर नुसतं कपाळ.
माझ्याकडे अंधार. मी हललेही नाही.

"सुटली हो ती शेवटी," ते म्हणाले,
त्यांना वाटतं तेवढ्या हळू,
म्हणजे निषादच्या खोलीपर्यंत जाईल असं.
"कोर्टानं सोडली. तुझं बघायचं राहिलं."
मग खांद्यावरचा पंचा काढला, झटकला,
आणि माझ्यावर घातला,
विरजणाच्या भांड्यावर घालतात तसा.

पंच्याखाली बराच वेळ
फ्रिज ऐकू येत होता.

सकाळी गोदामाच्या दारात, हातमोजे चढवण्याआधी,
हेरंबला लिहिलं:
फ्रिज भिंतीपासून ओढ, मागची जाळी ब्रशनं झाड.
रिले मी शनिवारी आणते.
त्याचं उत्तर, फ्रिज? चांगला तर चालतोय.
नाही चालत, मी लिहिलं.
आणि कालचा शेवट कोणी सांगू नका,
मला बघायचाय.