घोटा

हडर्सफील्डच्या गोदामात
डॅरेन पॅलेट वाटेतच टाकून चहाला गेला
आणि माझा डावा घोटा कामातून गेला.

वकील ॲक्रॉइड पावत्या लावतो:
टॅक्सी, कुबड्या, अकरा आठवड्यांचा पगार.
"आणखी काय गेलं?"

उकिडवं बसणं, मी म्हणते.
मेथी निवडायला. लेकाच्या बुटाची नाडी बांधायला.

त्याला कळत नाही.
करून दाखवावं,
तर तेच गेलंय.

मग तोच उठतो, टाय खांद्यावर टाकतो,
वाकतो. टाचा उचलल्या जातात,
टेबलाचा पाय धरतो, लालबुंद.
तिथूनच विचारतो,
"असं किती वेळ बसायचात?"

जुडी संपेपर्यंत.

खुर्चीत परतून
तो रकान्यात काहीतरी लिहितो,
खोडतो.
त्याचे गुडघे अजून वाजतायत.