पावडी

धंतोलीच्या पहिल्या डॉक्टरनं
चालणं पाहूनच नाव सांगितलं होतं :
कंपवात.
सहा महिने पिवळी गोळी, दिवसातून चारदा,
जेवणाआधी, मोबाइलचा गजर लावून.
पाय तिथंच.

पण कंप कुठं होता?
तांडापेठेतल्या खोलीत बसल्या बसल्या
बाबा अजून तुटलेली तार थुंकी लावून सांधत,
मला सुईत दोरा ओवून देत.
हे मी दवाखान्यात सांगितलं नाही.
कोणी विचारलं नाही.

दुसरी डॉक्टर पोरगेलीशी. तिनं फिल्म खिडकीशी धरली,
बाहेर मे महिना पेटलेला.
म्हणाली, दिसतं तसंच, पण ते नव्हे.
मेंदूच्या आत खोल, बारीक नसा,
एकेक करून बुजलेल्या, वर्षानुवर्षं, आवाज न करता.
पांढरे ठिपके दाखवले.
मी मोजू लागले, तर म्हणाली, मोजू नका.
मग : बीपीची गोळी नेमानं घेत होते?
मी आईकडं पाहिलं. आईनं पंख्याकडं.
डोकं दुखलं की घेत.

म्हणजे मागच्या मारबतीला
गोळीबार चौकात ते उभेच राहिले,
काळी गेली, पिवळी गेली, बडगे गेले,
पोट्टे ओरडत होते इडा पिडा घेऊन जा,
गर्दी पांगली,
आणि बाबा चपलेसकट डांबरात रुतल्यासारखे,
तेव्हा आम्ही म्हटलं, भक्ती.
दसऱ्याला नोटा मोजता मोजता मधेच थांबले,
म्हटलं, वय.
उतार नव्हताच तो. पायऱ्या होत्या.
मधल्या सपाट जागी आम्ही निर्धास्त बसलो होतो.

चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
पावडी दाबणारा माणूस
आता न्हाणीच्या उंबऱ्याशी अडतो.
काहून थांबले? आई विचारते.
पाय आयकत नाही बाप्पा, ते म्हणतात,
शेजारच्या पोराची तक्रार सांगावी तसं.

फरशीवर आडव्या पट्ट्या लावा,
डॉक्टर म्हणाली होती, काहींना जमतं.
घरात होते ते काठ कापले मी, लाल, करवती,
खाटेपासून न्हाणीपर्यंत हात हातभर अंतरानं.
बाबांनी पहिला ओलांडला.
दुसरा.
तिसऱ्यापाशी वाकले. पडतील म्हणून मी धावले.
ते बोटानं काठ चाचपत होते.
ही तार कोणी सोडली?
आणि लुंगी ओली होईस्तोवर
तिथंच बसून राहिले,
दुसरं टोक शोधत.