अभ्रा

आन्सेल्मला लाल दिसत नसे.
म्हणजे दिसे, पण हिरव्यासारखंच.
स्ट्रॉबेरी पिकली का, हे तो बोटांनी दाबून बघायचा,
आणि समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा कोणता आहे
याबाबत चाळीस वर्षं त्याने
भावाच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

शेतिकँप गावात वारा डोंगराकडून उतरतो,
छपरं उचलतो, कोंबड्या उचलतो.
जेर्मेनने तरी लिली लावल्या होत्या,
घराच्या आडोशाला, अकरा.
ती गेली फेब्रुवारीत. जमीन इतकी गोठलेली
की पुरायलाही एप्रिलपर्यंत थांबावं लागलं.
मे महिन्यात लिली वर आल्या,
आणि त्यांच्या मागोमाग मातीतूनच
ते किडे.

गुंजेएवढे. लाखेसारखे लाल, चकचकीत.
हिरव्या पानावर कुणालाही दिसावेत असे,
एकट्या आन्सेल्मला सोडून.
आधी जेर्मेन बघायची आणि तो वेचायचा.
आता बघायला मला ठेवलं,
शेजारच्या पिवळ्या घरातली, अकरा वर्षांची.
किड्याला दहा सेंट.
अळीला पंधरा, कारण अळी
स्वतःचीच घाण पाठीवर लिंपून फिरते
आणि तिला हात लावायचा म्हणजे
पैशांशिवाय कोण लावेल?
अंडी फुकट.
ती पानाच्या पोटाशी असतात,
नारिंगी, घाईत घातलेल्या टाक्यांसारखी;
अंगठ्याने पुसली की झालं.

शिकवलं मात्र त्यानेच.
सावली पाडायची नाही.
आधी पानाखाली ओंजळ, मग वरून बोट.
कारण हा किडा उडत नाही घाबरला की,
हात सोडून देतो, खाली पडतो
नेमका उताणा,
आणि त्याचं पोट काळं. मातीत माती.
मग बसा शोधत.
पकडलेला कानाशी धर, म्हणायचा, ऐक.
किडा चिरचिरायचा,
ओल्या बुटासारखा, बारीक.
मग साबणाच्या पाण्याच्या बरणीत.

जूनअखेर किडे कमी झाले
आणि मला सायकल हवी होती.

शेवटच्या रोपावर मी दोन ठेवायला लागले.
नेहमी दोन. त्यांना काय करायचं ते ते करायचे,
आठवड्याने माझी कमाई व्हायची.
"संपले?" तो विचारायचा.
"संपले," मी म्हणायचे.
तो खिशातून नाणी काढायचा,
एकेक अंगठ्याने चाचपून हातावर ठेवायचा.
रोपाची पानं जाळीदार झाली.
वाऱ्याने झालं असेल, मी म्हणाले.
असेल, तो म्हणाला.

एका सकाळी गेले तर
त्या रोपाखाली उशीचा अभ्रा पसरलेला,
पांढरा, कडेला जेर्मेनच्या हातची वीण.
आन्सेल्म गुडघ्यांवर. हातात जेवणाचा काटा.
त्याने काट्याने देठावर टिचकी मारली,
नुसती एक.
दोघे पडले.
उताणे. पांढऱ्यावर काळे,
सहा-सहा पाय वर.

"काळं मला दिसतं," तो म्हणाला.

एवढंच. रागावला नाही.
रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते.
त्याने दोन्ही उचलले,
आळीपाळीने कानाशी नेले, बरणीत टाकले,
आणि माझ्या हातावर वीस सेंट ठेवले.
मी घेतले. अजून सांगताना
तळहात मिटतो माझा.

त्या रोपाला त्या वर्षी एकच फूल आलं,
एका पाकळीला भोक.
"कोणता रंग?" त्याने विचारलं.
मी सांगितलं.
तो बराच वेळ फुलाकडे बघत राहिला,
मान थोडी तिरकी,
कुणाचा तरी शब्द पारखावा तशी.

पुढच्या मे महिन्यात मी गेले, न बोलावता, फुकट.
अभ्रा आधीच अंथरलेला होता.
आई म्हणायची, रात्री तोच उशीला घालून झोपतो.
धुऊन की तसाच,
हे तिला माहीत नव्हतं,
आणि विचारायची माझी तरी
कुठे हिंमत होती.