मुळाकडून वाकवताना

तीनदा नापास केलं मी तुला, दोब्राव्हा.
तिन्ही पट्ट्या अजून आहेत माझ्या कपाटात,
चहाच्या डब्यामागे.
खडूने लिहिलेली तुझी आद्याक्षरं पुसट झालीत.

ग्दान्स्कच्या गोदीत माझं काम एवढंच :
कोणी सांधलेलं लोखंड दाबयंत्राखाली ठेवायचं
आणि नालासारखं वाकेपर्यंत दाबत राहायचं.
एकदा दर्शनी बाजूने, एकदा मुळाकडून.
तोंडावर सगळेच सांधे देखणे असतात.
मुळाकडून वाकवलं की बोलू लागतात.

तुझा पहिला टचकन बोलला.
आत हवेचा एक बुडबुडा, मोहरीएवढा.
दुसऱ्यात मळी अडकली होती.
हात घाईचा होता, किंवा आदल्या रात्री
तुझं बाळ झोपलं नव्हतं. मी विचारलं नाही.
नोंदवहीत कारणाला रकाना नव्हता.

तिसऱ्या वेळी मात्र
(हे मी झेनोनलाही सांगितलेलं नाही)
तुला दिलेल्या कांड्या सादळलेल्या होत्या.
भट्टी रात्रभर बंद, समुद्रावरून धुकं आत आलेलं,
आणि मला ते सकाळपासून माहीत होतं.
भेग उमटली केसाएवढी, मग बोटभर.
पट्टी तुझ्या हातात देत मी म्हणालो,
"मुळातच कच्चं आहे."
सांध्याबद्दल म्हणालो. तू स्वतःबद्दल ऐकलंस.
मागून कोणी हसलं : "बाई, सुईदोरा बरा."
तू हातमोजे काढलेस, एकात एक घातलेस,
बाकावर ठेवलेस
आणि गेलीस.

मग कानावर येत राहिलं, तुकड्यातुकड्यांनी.
बंदरावर पहाटे हेरिंग साफ करतेस म्हणे,
मिठाने बोटांना चिरा पडल्यात.
रात्री कोणाच्या गॅरेजात, भाड्याच्या यंत्रावर
स्मशानाची कुंपणं सांधतेस, बाबागाड्या,
मठातल्या एका म्हातारीच्या सायकलचा दांडा.
पैशांऐवजी कोणी बटाटे देतं, कोणी अंडी.
आणि प्रत्येक कामासोबत एक जास्तीचा तुकडा सांधून
तो स्वतःच घणाने फोडून बघतेस.
फोडायला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेचार वर्षांनी, फेब्रुवारीत, आलीस.
कांड्या स्वतःच्या,
भाजून, पत्र्याच्या डब्यात, वर लोकरीची मफलर,
जशी कोणी आजाऱ्यासाठी पेज घेऊन यावी.

दाबयंत्र उतरलं. नव्वद अंश. एकशेवीस.
मोडावं असं वाटलं मला क्षणभर, खोटं कशाला बोलू,
मोडलं असतं तर जुना हिशेब माझ्या बाजूने लागला असता.
पट्टी नाल होऊन बाहेर आली,
गप्प.
तू हसलीही नाहीस. म्हणालीस,
"आता दुसरी बाजू."

याला आता एकोणीस वर्षं झाली.
किती जहाजांच्या पोटाखाली तुझे सांधे आहेत
तूही मोजत नाहीस.
त्याच शेडमध्ये नवी पोरं शिकवतेस.
पहिल्या दिवशी त्यांच्या हाती मोडकी पट्टी देतेस
आणि नखाने शोधायला लावतेस, भेग सुरू कुठून झाली.
तास-तास जातो. कोणी रडवेलं होतं.
कांड्या वाटण्याआधी भट्टीचं दार
तू स्वतः उघडून बघतेस, रोज.

काल माझ्या बाल्कनीचा कठडा सांधायला आलीस.
मला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून उजवीकडून बोलत होतीस, मोठ्याने,
हवेबद्दल, मुलाच्या परीक्षेबद्दल.
मी मध्येच कपाट उघडलं.
तिसरी पट्टी टेबलावर ठेवली. शब्द सापडेनात.

तू ती उचललीस,
खिडकीच्या उजेडात धरलीस,
अंगठा फिरवलास भेगेवरून, उगमापर्यंत.
"ओल," म्हणालीस.
मग ती होती तिथे, डब्यामागे ठेवलीस,
आणि डबा तेवढा पुढे ओढून
दोन ग्लास चहाचं पाणी चढवलंस.