कारणे दाखवा

माझी चावी साडेपाच फुटी, लोखंडी.
रस्त्याच्या मधलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची,
चौकोनी टोकात बसली की टक्क आवाज येतो.
मग उलटे फेरे. असल्फाच्या टेकडीला सव्वीस.
पहाटे चार चाळीसला पाणी, सहा दहाला बंद.
एकोणीस वर्षं.

त्या मार्चमध्ये झोप लागेनाशी झाली.
म्हणजे लागत नव्हती असं नाही,
तिची गरजच संपली.
पाण्याच्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर
तीन रात्रींत एक्केचाळीस कविता.
पाइपांना नसा म्हटलं, टेकडीला माय,
स्वतःला काय म्हटलं ते सांगत नाही.
चौथ्या रात्री दोन वाजता
चावी खांद्यावर घेतली, खाली उतरलो
आणि सव्वीसच्या सव्वीस फेरे फिरवले.

पाणी चढलं.
आधी हवा, नळांना खोकल्याची उबळ, मग पाणी.
कुणीतरी ओरडलं, आलं!
पत्र्यांखाली दिवे लागत गेले थेट वरच्या गल्लीपर्यंत.
हंडे, पिंपं, कुकर, बाळाचा टब.
जुलेखाबीनं तर रात्री अडीचला गोधड्या भिजवल्या.
देवमाणूस, असं कुणीतरी म्हणालं.
मी विश्वास ठेवला.

पलीकडच्या झोनला त्या पहाटे थेंब नव्हता.
तिकडे एक बाई आदल्याच दिवशी बाळंत होऊन घरी आली होती.
हे मला नंतर कळलं
आणि पुढे बरेच दिवस कळतच राहिलं.

मेमो आला: कारणे दाखवा.
मी दाखवली. सात पानं, यमकासकट.
हेडक्लार्क पाटणकरांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं,
पानांना भोकं पाडली, आवक क्रमांक टाकला.
दप्तरी नोंद असलेली माझी तेवढीच कविता.

मग उतार.
भरती-ओहोटी म्हणू नका,
तिचं वेळापत्रक पेपरात छापून येतं.
अख्खा वैशाख मी भिंतीकडे तोंड करून.
भिंतीवर ओल होती, तिच्यात काहीही दिसत नव्हतं.
कविता नाही. कविता उचलायला खांदा लागतो.
तेव्हा गोष्टी लिहिल्या, लहान लहान.
एक माणूस होता. त्याला चहा गार झालेला दिसत होता.
संपली.
एक माणूस होता. बायकोनं त्याचे केस धुतले.
ही लिहायला नऊ दिवस लागले.

राजावाडीच्या ओपीडीत डॉक्टरबाईंनी दोन्ही वह्या चाळल्या.
बाहेर नंबर पुकारत होते.
म्हणाल्या, कोण चांगलं लिहितो, वरचा की खालचा?
म्हटलं, वरच्याला शुद्धलेखन येत नाही.
त्या हसल्या. चिठ्ठीवर लिथियम लिहिलं.
मीठ एकदम सोडू नका. दर तीन महिन्यांनी रक्त.
आणि पाणी भरपूर.
पाणी!
मला सांगता?

आता हात थरथरतो.
चावी टोकात बसताना एकदोनदा हुकते,
दूधवाला पोरगा थांबून बघतो.
निशिगंधा, माझी मुलगी, माझं अक्षर मोजते.
एका ओळीत सहापेक्षा कमी शब्द मावायला लागले
की काही न बोलता पाकिटातलं एटीएम काढून घेते,
रात्री दाराला आतून कुलूप,
किल्ली तिच्या उशाखाली.
मला राग येतो. मग गोळीनं झोपही येते.

जुलेखाबी अजून विचारते, हळूच,
भाऊ, वैसा पानी फिर कब?
मी मान हलवतो.
पण खोटं का बोलू, मलाही ते ऐकू येतं,
काळोखात टेकडीवर चढत जाणारं,
सगळ्या नळांचा तो एकत्र खोकला.

चार चाळीस. झाकण. टक्क.
हल्ली फेरे मोठ्यानं मोजतो,
कुत्रीसुद्धा उठत नाहीत आता.
चोवीस, पंचवीस,
सव्वीस.
चावी वर काढली, पुसली.
रजिस्टरमध्ये, पुढच्या बाजूला, बारीक अक्षरात
आजची नोंद केली:
दाब बरा.