थकबाकी

बावीस वर्षं मी बिल्डरांची मॉडेलं केली.
फोम कापून टॉवर,
निळं रेझिन ओतून तलाव,
स्पंज किसून, हिरव्या रंगात बुडवून झाडं.
सीवूड्स, करावे, उलवे
आधी माझ्या टेबलावर उगवले, मागाहून जमिनीवर.
खाडी कधी कुणी मागितली नाही.
बोर्ड तिथे संपायचा,
कडेला मी काळी टेप लावायचो.

मग आली मृण्मयी टिपणीस.
डिझाइनच्या कॉलेजात शिकवते, चहात साखर घेत नाही.
म्हणाली, काशिनाथदादा, इमारत नको.
दोन हजार एकाहत्तर सालातली एखादी वस्तू द्या करून,
वापरून झिजलेली.
मी म्हटलं, भविष्य सांगायला कुडमुडे जोशी आहेत की.
ते सांगून मोकळे होतात, ती म्हणाली,
आपण हातात द्यायचं. वजन कळू दे.

दिवाळे गावच्या समाजमंदिरात जाजम टाकून बसलो.
कुणी भरती-ओहोटीवर चालणाऱ्या शाळेचं वेळापत्रक काढलं,
कुणी सावलीचं रेशनकार्ड: माणशी रोज दोन तास.
निनादने होडीचा पास केला,
त्यावर त्याचाच फोटो, पेनाने पांढरी दाढी काढून.
चंपूबाई निवट्या साफ करत बसल्या होत्या दाराशी.
हात न थांबवता म्हणाल्या,
"तिवरांनी आमची घरां राखली, पोरी.
त्यांना कोनी पगार दिला का कवा?"

तिथून बिल निघालं.
हुबेहूब वीजबिल: तसाच पातळ कागद,
तशीच डोळे ताणायला लावणारी छपाई.
ग्राहक: सदनिका क्रमांक अमुक.
देयक महिना: आषाढ, दोन हजार एकाहत्तर.
उधाणाचं पाणी अडवल्याबद्दल.
गाळ धरून ठेवल्याबद्दल.
मे महिन्यात रात्रीचा वारा गार करून पाठवल्याबद्दल.
कोळंबीच्या पिलांचं पाळणाघर, चोवीस तास.
मागील थकबाकी:
इथे आकडा चौकटीत मावेना,
शेवटची शून्यं मी समासात सोडली.

पाम बीच रस्त्यालगतच्या एका सोसायटीत
सेक्रेटरीला विचारून तीनशे प्रती टाकल्या टपालपेट्यांत.
कोपऱ्यात लिहिलं होतं, हे बिल काल्पनिक आहे.
तरी ग्रुपवर रात्रभर मेसेज.
एकाला ग्राहक मंचात जायचं होतं.
एकीने विचारलं, हप्ते पडतील का?
वॉचमनने बिल घडी करून खिशात ठेवलं,
त्याच्या नावावर सदनिका नव्हती,
पण वारा तोही खात होता, म्हणाला.

सोमवारी दुकानात नागराजन आले.
बंदरातून निवृत्त, ब्याऐंशी वर्षांचे, हातात चेकबुक.
काका, कोपऱ्यातली अक्षरं वाचलीत ना?
"चष्मा लावून वाचली," म्हणाले.
"भरावाचे ट्रक मोजायचं काम माझं होतं.
रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा.
ती वही ऑफिसात राहिली,
आकडे माझ्याबरोबर घरी आले."
खुर्ची ओढून बसले.
रक्कम लिहिली, मोठी नव्हती, पेन्शनीत बसेल इतकी.
सही केली.
तारीख आजची घातली, मी पाहिली.
नावाच्या रेघेवर पेन थांबलं.
"कुणाच्या नावे?"

मृण्मयीला फोन लावला. ती बराच वेळ बोललीच नाही,
मागे वर्गाचा गलका ऐकू येत राहिला.
चंपूबाईंना विचारलं, तर त्या हसल्या नुसत्या,
आणि मला पावशेर निवट्या बांधून दिल्या, पैसे न घेता.

काल जुन्या मॉडेलची काळी टेप सोलली.
डिंकाबरोबर बोर्डाचा पापुद्राही आला.
पुढे दुसरा बोर्ड जोडलाय.
स्पंजने तिवर साधत नाही,
त्याची मुळं चिखलातून वर येतात, श्वास घ्यायला,
म्हणून खराट्याच्या काड्या रोवतोय एकेक.
चारशे झाल्या. बोटं सोलवटली.

चेक ड्रॉवरमध्ये आहे.
नावाची रेघ कोरी.
चेक तीन महिनेच चालतो.