जोर ‘टू’वर

विटा–मायणी रस्त्याला तात्यांचं पंक्चरचं दुकान.
बाहेर लटकवलेला टायर, आत पाण्याचं घमेलं,
आणि ट्यूब बुडवली की
जिथं भोक तिथून निघणारं ते स्स्स्स्
माझ्याच तोंडातून निघाल्यासारखं.

मी सातवीत. ‘स’ला अडकायचो.
पुढं ‘ट’ असला तर संपलंच:
स्टेशन, स्टूल, स्टोव्ह.
घरात मी स्टोव्हला ‘ते पेटवायचं’ म्हणायचो.

कुंभोजकर बाईंनी फळ्यावर लिहिला
एक शब्द, हाताएवढा लांब.
स्टिक-टू-इट-इव्ह-नेस.
मधे आडव्या रेघा,
कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरमागं
उसाच्या ट्रॉल्या अडकवाव्यात तशा.
“हा शब्द नाहीच,” बाई म्हणाल्या,
“आख्खं वाक्य आहे. त्याला चिकटून राहा.
मागून दोन शेपट्या जोडल्या, झालं नाम.”
मग खडू ठेवून, हळू,
मुद्दाम माझ्याकडं न बघता:
“पहिल्यावर जोर नाही द्यायचा. ‘टू’वर.
लिहिताना ‘इट’चा ट आपल्या घरात असतो,
बोलताना शेजारी राहायला जातो.
इ. टिव्ह. नेस.”

जोर ‘टू’वर.
चिकटण्यावर नाही,
कुठंतरी निघालेल्या त्या बारक्या दोन अक्षरांवर.
टेंभूच्या कालव्याकडेनं घरी येताना
मी ‘स्टिक’ मनातच टाकून द्यायचो
आणि ‘टू’पासून मोठ्यानं सुरू करायचो.
म्हशी मान वर करायच्या.

वहीच्या मागच्या पानावर मी बाईंना विचारलं होतं:
त्याला म्हणजे कशाला?
बाईंनी लाल शाईनं खाली लिहिलं:
शब्दात नाही ते. ज्यानं त्यानं भरायचं.

तात्या हसले.
“चिकाटी म्हणायला येवढी चिकाटी?
आपलं तीन अक्षरांत भागतंय की.”
पण घोळवत राहिले आतल्या आत,
ट्यूबवर कानस मारताना,
सोल्यूशन लावून थांबताना.
ओल्यावर पॅच धरत नाही.
बोटाला चिकटेनासं झालं
की मगच चिकटतं ते.
हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही,
मी बघून शिकलो, आणि बघायला
वेळ बक्कळ होता.

एका संध्याकाळी, दुधाच्या टेम्पोची ट्यूब मांडीवर,
अंगठा पॅचवर रोवून, वर न बघता:
“ठिकटू… इटिनेस. बराबर हाय का रं?”

मला म्हणून दाखवायचा होता.
तोंड उघडलं.
स् स्
घमेल्यातलं पाणी तेव्हा अगदी गप्प होतं.
स्
लोक पुरवतात तसा तात्यांनी शब्द पुरवला नाही.
“असू दे” म्हणाले नाहीत.
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, दूध नासेल म्हणत होता.
तात्यांचा अंगठा
पॅचवरून हलला नाही.